गादीखालचा दरवाजा

मित्रांनो, दरवाजा म्हटला की तो चौकटीत उभा असतो, ढकलला की उघडतो आणि ओढला की मिटतो, अशीच तुमची समजूत असणार. ती बरोबर आहे. मीही तसाच होतो. पण माझ्या आयुष्याचा एक मोठा तुकडा मी आडवा पडून काढला, एका लोखंडी कॉटवर, गादीच्या खाली, एका माणसाच्या कमरेला आधार म्हणून. मी एक जुना दरवाजा आहे आणि मला अलीकडे कडू बोलायची सवय लागली आहे. तेवढे सांभाळून घ्या.

मला ज्या सुताराने घडवले तो हाताने चोख आणि तोंडाने फटकळ होता. माझे लाकूड जाड आणि भरीव होते. रंधा मारून त्याने मला असे गुळगुळीत केले की नुसता हात फिरवायलाही बरे वाटावे. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधल्या चौकटीत त्याने मला बिजागऱ्यांवर टांगले, पुन्हा पुन्हा उघडून-मिटून पाहिले आणि त्या घरात नव्यानेच आलेल्या सूनबाईंना बजावले, "रोज उघडा, रोज लावा. नुसता एका जागी ठेवलात तर बिजागरी धरेल, मग माझ्या नावाने खडे फोडू नका." येणारे-जाणारे माझ्यावर थाप मारून म्हणत, "काय भक्कम दरवाजा आहे!" मी फुगून जात असे. दमट हवेत तर खरोखरच फुगायचो, पण तेवढे कोणी मनावर घेत नसे.

त्या सूनबाई म्हणजे पुढे छकुलीची आई. छकुलीच्या तोंडून ऐकून ऐकून मीही त्या दोघांना आई आणि बाबाच म्हणू लागलो. आईची आणि माझी एक खास गोष्ट होती. सकाळची धावपळ आटोपली की ती गॅसवर दूध तापत ठेवी, मला आतून लोटून घेई आणि माझ्यावर पाठ टेकून उभी राही. डोळे मिटून, काही न बोलता. दूध वर येईपर्यंत. तेवढाच वेळ घरातले कोणी तिला हाक मारत नसे, कारण दार लावलेले असे. तिची पाठ मला इतकी ओळखीची झाली होती की कोणत्या दिवशी तिने किती बादल्या उचलल्या आहेत ते मला तिच्या टेकण्यावरून कळे. माझ्या कामाचा तेवढा भाग मला सगळ्यात जास्त आवडे.

बाबा बुटांच्या दुकानात विक्रेते होते. एका बुटक्या स्टुलावर बसायचे, गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घ्यायचा, बूट चढवायचा, नाडी बांधायची, नाही आवडला की काढायचा. गिऱ्हाईक ऐटीत आरशात पाही आणि बाबा त्याच्या पायाशी वाकलेले असत. सकाळपासून दिवे लागेपर्यंत हेच. मग बसने घरी येऊन ते खुर्चीत जे अंग टाकत ते जेवायलाच उठत. त्यांना आपल्या कामाचा अभिमान होता. "मी माणूस तोंडावरून नाही, पायावरून ओळखतो," असे ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे लगेच पाय खुर्चीखाली घेत.

एका सकाळी बाबा खाली पडलेला मोजा उचलायला वाकले आणि तसेच राहिले. उसण भरली होती. त्यांना ना वर येता येईना ना खाली बसता येईना. आईने काखेत हात घालून त्यांना कसेबसे खुर्चीत टेकवले. घरभर बामचा वास सुटला. इतके जड खोके उचलले तेव्हा काही झाले नाही आणि एका मोज्याने घात केला, असे बाबा कळवळून म्हणत राहिले. तो मोजा पुढे कितीतरी दिवस शिव्या खात होता.

आई त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर वयाने लहान होते. परत आल्यावर मधल्या खोलीत जे रामायण झाले ते मी चौकटीत उभा राहून शब्दन् शब्द ऐकले.

"कंबर माझी दुखते, आणि हा विचारतो लघवीला त्रास होतो का! बैठकीची जागा बधिर वाटते का! शोभतं का हे?" बाबा लाल झाले होते. "पाय वर उचलून बघितला, अंगठा दाबून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारली. साधा एक्स-रे नाही काढला. आणि वर काय म्हणतो? चालते व्हा! मला, या वयाच्या माणसाला, तोंडावर चालते व्हा म्हणतो!"

"अहो, तसं नाही म्हणाले ते," आई समजुतीच्या स्वरात म्हणाली. "एक-दोन दिवस आराम करा, शेक घ्या, जेवणानंतर गोळी घ्या आणि मग चालते व्हा, असं म्हणाले. म्हणजे हिंडाफिरायला लागा. मोज्याचं नुसतं निमित्त झालं, म्हणाले. वर्षानुवर्षं वाकून बसलात, पाठीपोटाचे स्नायू मऊ पडले. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बरं होतं, फक्त अंग हलतं ठेवायचं."

"मला मराठी शिकवू नकोस. चालता हो म्हणजे काय ते मला कळतं."

झाले. त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढायची नाही, असे ठरले. बाबांनी त्या डॉक्टरांचे नाव 'लघवीवाला' ठेवले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हा किस्सा सांगत, डॉक्टरांच्या आवाजाची नक्कल करत, आणि हसताना कमरेत कळ आली की "आई गं" म्हणून थांबत. पाहुणेही पोट धरून हसत. आई चहाचे कप गोळा करत असे. त्या हसण्याची पुढे काय किंमत पडणार होती हे कोणालाच ठाऊक नव्हते.

मग आत्या आल्या. आत्या म्हणजे बाबांच्या थोरल्या बहीण. त्यांना सगळे माहीत असे. त्यांच्या दिरांची कंबर फळीवर निजून बरी झाली होती, निदान त्या तसे सांगत. "अरे, मऊ गादीनंच घोळ झालाय. पाठीला फळी हवी, फळी. आणि जागचं हलायचं नाही." घरात तेवढी मोठी फळी नव्हती. आत्यांनी घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

"स्वयंपाकघराचं दार?" आई म्हणाली.

"मग काय झालं? तिथं काय तिजोरी आहे? पडदा लाव."

पाना आणि पेचकस आणून शेजारच्या घरातल्या काकांनी माझे स्क्रू काढले. कडी टोचेल म्हणून कडी काढली. आईचे घामाचे फडके अडकवायचा खिळा होता, तोही उपटला. मला कॉटवर आडवे टाकले, वर पातळ गादी घातली आणि तिच्यावर बाबांना निजवले. माझ्या तीन बिजागऱ्या एका जुन्या डब्यात गेल्या. रिकाम्या चौकटीत एक फुलाफुलांचा पडदा आला. पडद्याला पाठ टेकता येत नाही, हे त्या दिवशी कोणाच्या डोक्यात आले नाही.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे ते माझ्याइतके पक्के कोणालाच माहीत नाही, कारण मी त्या पाठीखाली होतो. पहिले काही दिवस बाबांचे दुखणे खरे होते. कुशीवर वळायचे म्हटले तरी त्यांचे अंग लाकडासारखे ताठ व्हायचे. ते ढोंग नव्हते. पण हळूहळू दुपारच्या झोपेत ते सहज कुशीवर वळू लागले. ना कण्हणे, ना कुंथणे. दुखणे ओसरत होते. जाग आली की मात्र पुन्हा अंग ताठ, आणि "अगं, जरा हात दे!" भीती त्यांच्या कमरेत जाऊन बसली होती. हललो तर काहीतरी तुटेल, अशी त्यांची पक्की खात्री झाली होती. आणि पडून राहून स्नायू इतके ढिले झाले की खरोखरच उठताना दुखू लागले. मग दुखते म्हणून पडायचे आणि पडतो म्हणून दुखायचे. आत्यांनी आणलेला रुंद पट्टा ते झोपेतही सोडत नसत, म्हणजे उरलेसुरले स्नायूही बिनकामाचे झाले.

मला ओरडून सांगावेसे वाटे की बाबा, आपल्या दोघांची बिजागरी धरायला लागली आहे, उठा. पण गादीखालच्या दरवाज्याला कोण विचारतो?

उन्हाळ्यात निजलेले बाबा थंडी पडली तरी निजलेलेच होते. दुकानातून आधी निरोप आले, मग चौकशा आल्या, मग कोणीच आले नाही. त्यांच्या स्टुलावर दुसरा माणूस बसल्याची बातमी आली तेव्हा बाबा भिंतीकडे तोंड करून दिवसभर पडून राहिले. त्यानंतर ते चिडचिडे झाले. चहा गार आहे, शेक गरम आहे, पंख्याचा आवाज येतो. छकुली नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहत होती. तिच्या फोनवर आई रोज सांगे, "सगळं ठीक आहे गं. तू तुझं बघ."

सगळे ठीक कसे असेल? आई बाबांना काखेत धरून उठवी, बसवी, न्हाणीघरापर्यंत जवळजवळ वाहून नेई. गरम पाण्याची बादली आणी. त्यांना खुर्चीत बसवून गादी उन्हात टाकी. गादीखाली मी असे, आणि पुसून घेण्यासाठी ती मला एकटीने एका कडेवर उभे करी. मी भरीव लाकडाचा. ज्या जाडजूडपणाचे सगळे कौतुक करत तो तिच्या अंगावर येई. एकदा मला उचलताना तिच्या कमरेत काहीतरी लचकलेले मला तिच्या हातांतून कळले. ती थांबली, ओठ चावला आणि मला पुन्हा उचलले.

त्यानंतर तिची चाल बदलली. डावा पाय घासत येऊ लागला. एकदा ती आत्यांना म्हणाली, "मांडीपासून पोटरीपर्यंत कळ जाते हो. पायाला मुंग्या येतात. वाटतं पाय आपला नाहीच."

"बायकांच्या कमरा दुखायच्याच," आत्या म्हणाल्या. "मी काय कमी सोसलं?"

"तुझी कंबर आणि माझी कंबर एक आहे का?" कॉटवरून बाबा म्हणाले. "तू हिंडतेस-फिरतेस. मी बघ कसा पडलोय."

पुढचे सांगताना माझ्या तोंडाला कडवटपणा येतो. पडद्याआड आई दिवसातून अनेकदा कपडे बदलू लागली. लादी पुसू लागली. तिला कळत नव्हते केव्हा लघवी होते. बसल्यावर खाली पाट आहे की काही नाही, तेही कळत नव्हते. मला खात्री आहे की त्या वेळी तिला त्या तरुण डॉक्टरांचे प्रश्न आठवले असतील. ती तेव्हा बाबांच्या शेजारीच बसली होती. पण त्याच प्रश्नांवर या घराने इतके दिवस पोट धरून हसून घेतले होते. एका दुपारी असेच कोणीतरी आले होते, बाबा 'लघवीवाल्या'ची नक्कल करत होते आणि पडद्याआड ती लादी पुसत होती. अशा घरात ती कोणत्या तोंडाने सांगणार होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेकाची पिशवी घेऊन स्वयंपाकघरातून निघाली. उंबरठ्याशी डावा पाय वळला. तोल गेला तसा तिचा हात सवयीने माझ्याकडे आला. मी जिथे असायचो तिथे. हाताला पडदा लागला. पडदा दांडीसकट खाली आला आणि आई उंबरठ्यावर आडवी झाली.

आणि बाबा उठले.

माझ्यावरचे वजन एकदम गेले. कोणी काखेत हात घातला नाही, कोणी "सावकाश" म्हटले नाही. पट्टा सुटून गादीवर पडला आणि ते ताडताड चालत उंबरठ्यापाशी पोहोचले. आई जमिनीवरून त्यांच्याकडे बघत होती. दुखण्यापेक्षा आश्चर्यच तिच्या तोंडावर जास्त होते.

"चालत आलात?" ती म्हणाली.

बाबांनी वाकून तिच्या काखेत हात घातला.

पुढचे मी छकुलीच्या तोंडून ऐकले. ती मिळेल त्या गाडीने धावत आली. आईला त्याच तरुण डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तेच प्रश्न विचारले. आई मान खाली घालून प्रत्येकाला "हो" म्हणाली. त्यांनी तिला त्याच पावली मोठ्या इस्पितळात पाठवले. तातडीने शस्त्रक्रिया झाली. छकुली आत्यांना समजावत होती, "दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते ना, ती सरकून खालच्या सगळ्या शिरांवर दाबली गेली होती."

"तरी मी सांगत होते, गादी मऊ नको म्हणून," आत्या म्हणाल्या.

छकुली म्हणाली, "आत्या, नुसती कंबर दुखली तर घाबरायचं नसतं. बाबांचं तसंच होतं. पण पायातली ताकद गेली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी कळेनाशी झाली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठायचं असतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलं असतं तर पाय पूर्ण वाचला असता." आणि मग ती रडू लागली. बाबा कोपऱ्यात उभे होते. त्यांना कोणी बसा म्हटले नाही.

आईची लघवीची तक्रार बरीचशी सुधारली. पाय मात्र अर्धाच परतला. घरी आणले तेव्हा आत्या सवयीने म्हणाल्या, "फळी तशीच असू दे, हिलाही होईल."

"तो दरवाजा आहे," छकुली म्हणाली, "आणि तो दरवाज्याच्या जागी जाईल."

डब्यातून माझ्या बिजागऱ्या निघाल्या. गंज चढून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. तेल सोडून, हलवून हलवून त्या सुट्या कराव्या लागल्या. मला चौकटीत टांगले तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की मी मधोमध वाकलो आहे. खाली कॉटच्या दोनच आडव्या पट्ट्या आणि वर एवढे दिवस एका जागी पडलेले वजन, दुसरे काय होणार? आता मला लोटले तरी मी पूर्ण लागत नाही. हाताच्या बोटाएवढी फट राहते.

बाबा मात्र ठणठणीत झाले. फिजिओथेरपिस्ट बाई आईसाठी घरी येत. त्यांनी जाता जाता बाबांनाही पोटाचे आणि पाठीचे व्यायाम शिकवले. सुरुवातीला दुखले, पण दुखणे म्हणजे मोडणे नव्हे हे त्यांना कळले. आता ते सकाळी फिरायला जातात. दुसऱ्या एका दुकानात काउंटरवर उभे राहून काम करतात आणि मध्येमध्ये बसतात-उठतात. वजन उचलताना गुडघ्यात वाकतात. भेटायला आलेले लोक त्यांच्याकडे बघून म्हणतात, "वा, अगदी ताठ झालात!" आणि आईकडे वळून म्हणतात, "तुमच्या सेवेचं फळ मिळालं बरं का." आई काठीवर हात ठेवून "हो" म्हणते. हे ऐकताना माझ्या फटीतून वारा शिरतो आणि मी करकरतो. लोकांना वाटते, जुना झाला.

परवाचीच गोष्ट. बाई आईला काठी सोडून चालायला शिकवून गेल्या होत्या. आई माझी कड धरून एक एक पाऊल टाकत होती. फिरून आलेले बाबा दारातच थांबले. त्यांना मनापासून आनंद झाला होता, हे मी कबूल करतो. टाळ्या वाजवत ते म्हणाले, "शाब्बास! बघता बघता जमलं की! आता तूसुद्धा चालती हो."

आई थांबली.

"कुठे?" तिने विचारले.

"अगं, तसं नाही. म्हणजे, मला म्हणायचं होतं..."

"डॉक्टरही तसं म्हणाले नव्हते," आई म्हणाली.

ती आवाज चढवून बोलली नाही. माझी कड धरून ती स्वयंपाकघरात गेली, गॅसवर दूध ठेवले आणि मला आतून लोटले. मी जीव तोडून सरळ व्हायचा प्रयत्न केला, पण फट राहायची ती राहिलीच. मग तिने माझ्यावर पाठ टेकली. इतक्या काळानंतर ती पाठ मला पुन्हा भेटली. टेकणे तेच होते, पण सगळा भार उजव्या अंगावर होता. बाहेर बाबा पावले न वाजवता उभे होते. दूध वर आले, उतू गेले, हात लांबवून तिने गॅस बंद केला, पण माझ्यावरची पाठ हलवली नाही. शेवटी बाबांनीच फटीतून हलक्या आवाजात म्हटले, "दूध..."

"आणा बादली, मारा फडकं," आई म्हणाली. "बादली उचलताना गुडघ्यात वाका."

मित्रांनो, मी वाकलेला दरवाजा आहे, माझ्याकडून सरळ उपदेशाची अपेक्षा करू नका. एवढेच मागतो. कंबर धरली तर घाबरून अंथरूण धरू नका. हिंडा-फिरा, अंगाला रोज हलवा, आणि डॉक्टरांचा शब्द कळला नाही तर रागावण्याआधी पुन्हा विचारा. घरात कोणी दुखण्याने पडले तर त्याला शेक जरूर द्या. पण शेकाची पिशवी हातात घेऊन जे माणूस उभे असते, त्यालाही एकदा विचारा, "तुझी कंबर कशी आहे?" आणि ते "ठीक आहे" म्हणाले तर तेवढ्यावर जाऊ नका. त्याच्या मागे टेकायला काही आहे का, ते बघा.